‘का?’चं उत्तर तपासायचं कसं: पूर, गूळ आणि किरणोत्सव

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की कोल्हापुरात कारणांचाही पूर येतो. खाली कर्नाटकात कृष्णेवरचं अलमट्टी धरण, वरचं कोयना धरण, पूररेषेतली बांधकामं, रस्त्यांचे भराव, घाटमाथ्यावरचा पाऊस. प्रत्येकाकडे एक उत्तर आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर त्याचा ‘पुरावा’. यातलं खरं कोणतं हा निवाडा इथे नाही. उत्तर हातात आल्यावर ते कागद-पेन घेऊन तपासायचं कसं, एवढंच इथे आहे. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात यावर गेली शंभर वर्षं भरपूर काथ्याकूट झाला. त्यातलं रोजच्या वापराला येईल तेवढंच घेतलं आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा: हे खरं मानायला आधार काय? उजवीकडे लिहा: हे खरं असेल, तर त्यामुळे ती घटना नेमकी कशी घडली? डावी बाजू पुराव्याची, उजवी स्पष्टीकरणाची.

बहुतेक वाद फसतात ते इथेच. ‘बघा, सगळं कसं बरोबर जुळतंय’ हे वाक्य उजव्या बाजूचं आहे, पण म्हणणारा ते डावीकडे खपवतो. एखादी कल्पना खरी धरली की सगळं जुळतं, यात विशेष काही नाही. चुकीच्या कल्पनाही बऱ्याचदा छान जुळतात. उलटही होतं: भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेवरून पाणी कुठवर चढलं याचा पक्का पुरावा मिळतो, पण का चढलं याबद्दल ती रेघ अवाक्षर काढत नाही.

दावा असा लिहा की तो हरू शकेल

‘अलमट्टीमुळे कोल्हापुरात पूर येतो.’ हे वाक्य कुठल्याच आकड्यापुढे हरत नाही. पूर आला तर अलमट्टीमुळे, नाही आला तर यंदा त्यांनी वेळेत पाणी सोडलं. आता हेच असं लिहा: ‘राजाराम बंधाऱ्याशी विसर्ग तेवढाच असताना, अलमट्टीचा साठा जास्त असलेल्या दिवशी पाण्याची पातळी जास्त असते.’ हा दावा आकडे मांडून पाडता येतो, म्हणून तो तपासण्याजोगा आहे.

मग प्रतिस्पर्धी दावे लिहा, किमान दोन. ते असे लिहा की तो दावा करणाऱ्यानेही ‘हो, माझं म्हणणं हेच’ असं म्हणावं. एक: राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा या पाणलोटात थोड्या दिवसांत फार पाऊस पडला आणि धरणांतूनही पाणी सोडावं लागलं. दोन: पुराचं पाणी पसरायची जागा भराव आणि बांधकामांनी अडवली. तिसरा दावा बहुतेक यादीत विसरला जातो: कोयनेतून विसर्ग वाढला की कृष्णा फुगते, आणि नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेला पुढे सरकायला जागा राहत नाही. हा फुगवटाच, म्हणजे पुढे वाट न मिळाल्याने मागे चढलेलं पाणी, पण त्यात अलमट्टीचा हात असेलच असं नाही.

आता प्रत्येक ‘पुराव्या’पुढे दोन आकडे मांडा. माझा दावा खरा असेल तर ही गोष्ट 10 पैकी किती वेळा दिसेल? आणि प्रतिस्पर्ध्याचा खरा असेल तर किती वेळा? अंदाजाने लिहिलं तरी चालतं, पण दोन्ही आकडे लिहायचेच. ‘पूर आला तेव्हा अलमट्टी भरलेलं होतं’ हे घ्या. अलमट्टी दोषी असेल तर हे 10 पैकी 9 वेळा दिसेल. दोषी नसेल तरी जवळपास 9 वेळाच दिसेल, कारण जो मोसमी पाऊस आपल्याकडे नद्या फुगवतो तोच ऑगस्टमध्ये कृष्णेवरचं ते धरणही भरतो. 9 भागिले 9 म्हणजे 1. या निरीक्षणाने काटा कुठेच हलत नाही, मग ते कितीही वेळा आणि कितीही मोठ्याने सांगा. 9 आणि 3 असे आकडे आले असते तर पारडं तिपटीने झुकलं असतं.

असे गुणोत्तराचे आकडे एकमेकांशी गुणता येतात, मात्र निरीक्षणं एकमेकांवर अवलंबून नसतील तरच. एकाच मूळ मेसेजवरून आलेल्या पाच बातम्या हा एकच पुरावा आहे.

मग काटा हलवणारी निरीक्षणं कोणती? ती शोधायला दोन्ही दावे एकमेकांपासून कुठे फुटतात ते पाहा. खालून फुगवटा येत असेल तर पातळी वाढायला सुरुवात खालच्या बाजूने व्हायला हवी: आधी नृसिंहवाडी, मग इचलकरंजी, मग राजाराम बंधारा. वरून लोंढा येत असेल तर क्रम उलटा. तासातासाच्या नोंदी मिळवा. रोजची एक नोंद इथे कामाची नाही, कारण चढ काही तासांतच पुढे सरकतो. नृसिंहवाडीला पाणी आधी चढलेलं दिसलं तरी लगेच अलमट्टीकडे बोट दाखवू नका. त्याच वेळी कोयनेचा विसर्ग किती होता ते शेजारच्या रकान्यात हवंच.

इथे एक खड्डा आहे, त्यात जाणतेही पडतात. बंधाऱ्यावरचा ‘विसर्ग’ बऱ्याचदा पातळीवरून तक्त्याने काढलेला असतो. असे आकडे घेऊन ‘विसर्ग तेवढाच, पातळी वेगळी’ हे तपासायला गेलात तर पातळी पातळीशीच ताडून पाहिल्यासारखं होईल आणि फरक कधीच दिसणार नाही. प्रत्यक्ष वेग मोजून काढलेला विसर्ग हवा. तो नसेल तर ही चाचणी करू नका, क्रमाची करा.

आणि प्रश्नाचं शेपूट पूर्ण लिहा. ‘पूर का आला?’ हा अर्धा प्रश्न आहे. ‘2019 मध्ये 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी इतकं वर का गेलं?’ हा एक आणि ‘वर गेलेलं पाणी इतके दिवस का उतरलं नाही?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाणलोटातल्या पावसात आणि दुसऱ्याचं खालच्या अडथळ्यांत असू शकतं. दोघे जण तावातावाने भांडताना दिसले तर आधी ते एकाच प्रश्नाला उत्तर देतायत का ते बघा.

पुरावा तयार करायचा: गुळाची चाचणी

पूर पुन्हा आणून बघता येत नाही. गूळ आणून बघता येतो. ‘बिनरसायनाचा गूळ मी नुसत्या चवीने ओळखतो’ असं सांगणारा प्रत्येक गल्लीत एक तरी असतोच. त्याला तपासायची रीत संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी 1935 मध्ये चहाच्या आठ कपांवर मांडली. ती गुळाला जशीच्या तशी लागू पडते.

सगळ्यात अवघड भाग गूळ आणण्याचा. दोन्ही गूळ एकाच गुऱ्हाळातले, एकाच जातीच्या आणि एकाच फडातल्या उसाचे, एकाच दिवशीचे हवेत. एक आधण नुसत्या भेंडीने मळी काढलेलं, दुसऱ्यात हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन घातलेलं, बाकी सगळं सारखं. हे जमलं नाही आणि दोन दुकानांतून दोन ढेपा आणल्या, तर ओळखणारा बरोबर ओळखेल, पण तो जमिनीतला खारटपणा, उसाची जात किंवा गुळाचं वय ओळखत असेल, रसायन नव्हे. चाचणी निर्दोष आणि निष्कर्ष चुकीचा, असा प्रकार होतो तो इथे.

प्रत्येक गुळाचे 40 ग्रॅम घ्या, 400 मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, फडक्यातून गाळा. तळाचा गाळ राहू देऊ नका, तोंडात कण आला की ओळख पटते. एकसारखे आठ स्टीलचे पेले घ्या. रंग दिसता कामा नये, कारण हायड्रोसचा गूळ रंगानेच उघडा पडतो. म्हणून डोळ्यांवर पट्टी. चार चिठ्ठ्यांवर ‘अ’, चारवर ‘ब’ लिहून डब्यात हलवा आणि निघेल त्या क्रमाने एक ते आठ पेले भरा. आलटून पालटून भरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पेल्यानंतर चाल लक्षात येते. भरणाऱ्याने क्रमाची यादी पाकिटात घालून खोलीबाहेर जायचं. पेले देणारा वेगळा आणि त्याला क्रम माहीत नसलेला हवा, नाहीतर त्याचा हात आणि आवाज चुगली करतात. दर पेल्यानंतर चिमूटभर चुरमुरे आणि दोन घोट पाणी.

चाखणाऱ्याला आधीच सांगा की चार-चार आहेत. त्याने बिनरसायनाचे चार वेगळे काढायचे.

आठांतून चार निवडायच्या रीती 70. त्यातली एकच पूर्ण बरोबर. म्हणजे नुसत्या नशिबाने चारही बरोबर यायची शक्यता 70 त 1, टक्क्यात दीडच्या आसपास. तीन बरोबर, एक चूक अशा रीती 16. म्हणजे ‘तीन किंवा जास्त बरोबर’ हे नशिबानेही 70 पैकी 17 वेळा, साधारण चारांत एकदा घडतं. ‘चारपैकी तीन ओळखले की!’ यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत त्या यासाठी. सहाच पेले, तीन-तीन घेतले तर पूर्ण बरोबर यायची शक्यता 20 त 1 होते आणि चाचणी सैल पडते. दहा पेले, पाच-पाच घेतले तर 252 त 1, पण तोवर जिभेची चव मरते. आठ बरे.

किती बरोबर आले म्हणजे मानायचं हे पेले भरायच्या आधी कागदावर लिहून दोघांनी सही करा. निकाल पाहून रेघ सरकवणं हा यातला सगळ्यात जुना आजार. त्याचाच भाऊ म्हणजे अख्ख्या तालमीला चाखायला लावून जिंकलेल्या एकाचीच गोष्ट सांगणं. कुणालाच काही ओळखता येत नसेल तरी दहा जणांत किमान एक जण चारही बरोबर सांगेल याची शक्यता 13 टक्क्यांवर आहे. दहांनी चाखला तर दहांचाही निकाल लिहा, आणि जिंकलेल्याची दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घ्या.

तो हरला तर? एका फेरीत हरणं म्हणजे ‘ओळखता येत नाही’ याची सिद्धता नव्हे. दहातून आठ वेळा ओळखणाराही चारांत एखादा चुकू शकतो. फेऱ्या किती घ्यायच्या हेही आधीच ठरवा. जिंकेपर्यंत घेत राहू नका.

स्पष्टीकरण पोकळ आहे का ते कसं ओळखायचं

तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेल आणि पॉल ओपनहाइम यांनी 1948 मध्ये स्पष्टीकरणाचा एक साचा दिला: एखादा नियम घ्या, त्या वेळची परिस्थिती घ्या, आणि दोन्हींवरून घटना तर्काने निघाली पाहिजे. साचा चांगला आहे, सुरुवात त्यानेच करा. पण त्यातून नको तो मालही निसटतो. न्यू पॅलेसच्या घड्याळाच्या मनोऱ्याची सावली मोजा, सूर्य किती अंशांवर आहे ते घ्या, मनोऱ्याची उंची निघते. सूर्य 45 अंशांवर असेल तर सावली आणि उंची सारखीच. तर्क चोख आहे, तरी सावली एवढी लांब आहे ‘म्हणून’ मनोरा उंच आहे असं कुणी म्हणणार नाही. म्हणून साच्यात बसलेल्या प्रत्येक उत्तराला विचारा: कारण म्हणून दिलेली गोष्ट बदलली तर घटना बदलेल का? मनोरा उंच केला तर सावली वाढेल. सावलीवर छत टाकलं तर मनोरा खचणार नाही.

दुसरी पळवाट फालतू गोष्टीची. विज्ञानाचे तत्त्वज्ञ वेस्ली सॅल्मन यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेणाऱ्या पुरुषाला गर्भ राहत नाही. नियम खरा, परिस्थिती खरी, निष्कर्ष खरा. गोळ्या काढून टाका, निष्कर्ष तसाच राहतो. उत्तरातली एकेक गोष्ट अशी काढून पाहा आणि जिच्यावाचून काही अडत नाही ती खोडा.

भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्राने हीच चाळणी फार आधी वापरली आहे. धूर दिसला की अग्नी आहे हे अनुमान चालतं. अग्नी आहे म्हणून धूर असणार हे चालत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं, आणि ही मधली अट म्हणजे उपाधी. गुऱ्हाळाच्या चुलाण्यात ओली चिपाडं घालून बघा. दोन गोष्टी नेहमी जोडीने दिसतात असं कुणी सांगितलं की त्यातली उपाधी शोधायची. अलमट्टी आणि पुराच्या जोडीत मोसमी पाऊस शोधायचा तो असाच.

मीमांसा या भारतीय दर्शनाच्या पंडितांचा, उदाहरणातला देवदत्तही कामाला घ्यावा, पण सांभाळून. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणून रात्री जेवत असणार. उपलब्ध स्पष्टीकरणांत सर्वांत चांगलं ते खरं मानायचं, ही ती रीत. तिची ताकद यादीवर ठरते. यादीत थायरॉइड नसेल तर रात्रीचं जेवण जिंकतं, ते खरं असो वा नसो. निवडण्याआधी ‘यादीत नसलेलं काहीतरी’ अशी एक रिकामी ओळ ठेवत जा आणि तिलाही थोडं वजन द्या.

किरणोत्सवावर सगळं एकदम

अंबाबाईच्या देवळात 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या संध्याकाळी मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत येतात. हाच किरणोत्सव. परंपरेने पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी पूर्ण मूर्ती असा क्रम सांगतात.

वर्षातून दोनदाच का? सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, 10 नोव्हेंबरला दक्षिणेला सुमारे 17.1 अंश असते. 21-22 डिसेंबरला ती टोक गाठते आणि परत येताना 1 फेब्रुवारीला पुन्हा 17.1 होते. दोन्हीकडे अंतर 41-42 दिवसांचं. कोल्हापूरच्या अक्षांशावर, सुमारे 16.7 अंश उत्तर, त्या दिवशी सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेकडे साधारण 18 अंशांवर मावळतो. वाट मोकळी असेल तर त्याच दिशेने किरण दोनदा येणार. सूर्यास्त नोव्हेंबरात सहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास होतो, पण हा अर्धा तास घड्याळाचा आहे, दिशेचा नाही. त्याने स्पष्टीकरण मोडत नाही. मनोऱ्याची कसोटीही इथे लागते: क्रांती बदलली तर किरण सरकतो, किरण अडवला तर क्रांती बदलत नाही.

आता याच स्पष्टीकरणाला पुढे ढकला. 9 नोव्हेंबरची क्रांती 16.9, 11 ची 17.4. परतीच्या वाटेवर 31 जानेवारीला 17.4 आणि 2 फेब्रुवारीला 16.9. म्हणजे 9 नोव्हेंबरची जोडी 2 फेब्रुवारीशी आणि 11 नोव्हेंबरची 31 जानेवारीशी. किरण किती वर चढतो हे केवळ क्रांतीवर ठरत असेल, तर नोव्हेंबरातला क्रम जानेवारीत उलटा दिसायला हवा: आधी पूर्ण मूर्ती, शेवटी चरण. परंपरा दोन्ही वेळा एकच क्रम सांगते. कुठेतरी काहीतरी राहिलंय.

अशा वेळी स्पष्टीकरण फेकायची घाई नको आणि ते वाचवायचीही नको. भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ पिएर ड्युएम यांनी दाखवलं की कसोटीला एकटी कल्पना कधीच उभी राहत नाही, तिच्यामागे गृहीतांची रांग असते. ती रांग लिहून काढा. एकाच संध्याकाळीही सूर्य खाली जाईल तसा किरण जमिनीवरून वर चढतो. ‘पोहोचला’ म्हणायचं ते कोणत्या क्षणाला? महाद्वारासमोरच्या रस्त्यावरची बांधकामं शेवटची काही मिनिटं कापतात का? ढग, धूळ, बाष्प? आणि सांगितलेला क्रम मोजून ठेवलेली नोंद आहे की रूढ झालेलं वर्णन?

यातलं प्रत्येक गृहीत वेगळं तपासता आलं पाहिजे. युरेनस गणितापासून ढळतोय म्हटल्यावर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न दिसलेला ग्रह गृहीत धरला आणि 1846 मध्ये नेपच्यून दुर्बिणीत सापडला. बुधाच्या बाबतीत त्यांनी तीच युक्ती केली, ‘व्हल्कन’ कधीच सापडला नाही, आणि बुधाच्या कक्षेतला शतकाला 43 विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) तो फरक शेवटी 1915 मध्ये आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वसिद्धांताने सुटला. युक्ती एकच; एकदा ग्रह दिसला, एकदा नाही.

म्हणून नोंदी अशा ठेवा. 7 ते 13 नोव्हेंबर आणि 29 जानेवारी ते 4 फेब्रुवारी, दोन्हीकडे सात-सात संध्याकाळी. किरण गरुड मंडप, पितळी उंबरा आणि गाभारा ओलांडतो त्या वेळा सेकंदांसह, सर्वांत वरचा बिंदू, किरण विझला तेव्हा सूर्य क्षितिजावर होता की एखाद्या इमारतीआड, ढग किती. ढगांची नोंद किरण पोहोचला त्या दिवशीही करा. फक्त न पोहोचलेल्या दिवशीच ढग लिहिलेत तर ढग दर वेळी गुन्हेगार ठरेल आणि तपास तिथेच थांबेल. सूर्यबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश आणि तीन दिवसांतला एकूण फरकही तेवढाच, त्यामुळे ‘साधारण कमरेपर्यंत’ अशी नोंद कामाची नाही.

एक प्रश्न उरतो, तो भौतिकीचा नाही: बांधणाऱ्यांनी हे मुद्दाम साधलं का? ‘वर्षातून दोनदा किरण येतो’ हा त्याचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. आपल्या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेचोवीस अंश फिरते. तेवढ्या पट्ट्यात तोंड असलेल्या कोणत्याही मोकळ्या, सरळ वाटेत मावळतीचा किरण दोनदा येतोच, अगदी टोकाची दिशा सोडली तर. म्हणजे मुद्दाम असो वा नसो, हे दिसणारच, आणि गुणोत्तर पुन्हा 1 च्या जवळ. हेतू नव्हता असंही यातून निघत नाही. काटा हलवायचा तर त्याच काळातल्या, याच भागातल्या पश्चिमाभिमुख देवळांची तोंडं होकायंत्राने नव्हे, सूर्याच्या स्थितीवरून अर्ध्या अंशापर्यंत मोजावी लागतील आणि किती देवळांचा अक्ष याच तारखांवर येतो ते पाहावं लागेल. होकायंत्र दगडी बांधकामातल्या लोखंडाजवळ सहज अंशभर चुकतं. ही मोजणी होईपर्यंत वहीत ‘दिशा जुळते’ असं लिहा. ‘जुळवली’ हा शब्द पेन्सिलीने.